हिंगोलीच्या वाटेवरची अमेरिकी पिकअप: जुनी इंजिने, त्यांची बांधणी आणि वारसा

पुढे दोन-तीन माणसांपुरती केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली हलकी मालगाडी म्हणजे पिकअप. अमेरिकेत तिचा जन्म कारखान्याआधी शेतावर झाला. शेतकरी आपल्या मोटारीचा मागचा भाग उतरवून तिथे लाकडी पेटी ठोकत आणि दुधाचे कॅन, चारा, कोंबड्यांची खुराडी बाजाराला नेत. फोर्ड कंपनीने १९२५ साली मॉडेल टीवर पोलादी हौदा बसवलेली तयार गाडी २८१ डॉलरला विक्रीस काढली, तेव्हा या घरगुती उद्योगाला कारखान्याचा शिक्का मिळाला. अभिजात म्हणून आज जी पिकअप जपली जाते ती मात्र बहुतांशी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीसेक वर्षांतली आहे. १९४७ च्या उन्हाळ्यात शेव्हरोलेची गोलसर नाकाची ॲडव्हान्स डिझाइन मालिका आली, तिच्यातले अर्ध्या टनाचे मॉडेल ३१०० या क्रमांकाने ओळखले जाते. १९४८ साठी फोर्डने एफ-१ आणली आणि १९५३ मध्ये तिची एफ-१०० झाली. लष्करी ट्रकवरून उतरलेली डॉजची पॉवर वॅगन, विलिसचा चारही चाकांना ताकद देणारा ट्रक आणि इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या गाड्या याच काळातल्या. यांपैकी शेवटचे नाव पुढे पुन्हा येणार आहे, कारण हिंगोली जिल्ह्याशी सर्वांत घट्ट नाते त्याचेच जडले.

या गाड्या पारखताना जाणकार काही ठरावीक जागा पाहतात. हौद्याची बाजू चाकाच्या आत असून मडगार्ड बाहेर फुगलेले आहे की बाजू सरळ सपाट आहे, यावरून काळाचा अंदाज येतो. शेव्हरोलेने सपाट बाजूचा पोलादी हौदा १९५८ मध्ये रूढ केला. हौद्याची जमीन लाकडी फळ्यांची आणि फळ्यांच्या सांध्यावर पोलादी पट्ट्या असतील तर ती जुनी रीत. शेव्हरोलेच्या केबिनला मागच्या कोपऱ्यांत वळणदार काचा असतील तर तो त्या काळातला जादा पैशांचा प्रकार. पण खरा कस लागतो बॉनेट उघडल्यावर.

शेव्हरोलेचे सहा सिलिंडरचे २१६ घनइंची, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचे इंजिन १९३७ पासून १९५३ पर्यंत चालले. त्यात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला सुटी शेल नव्हती. रॉडच्या तोंडातच बॅबिट हा मऊ मिश्रधातू ओतलेला असे, आणि झीज झाली की मधल्या पातळ पत्र्याच्या शिमा काढून ढिलेपणा घालवायचा. रॉडच्या तळाला लावलेला चमचा तेलात बुडून बेअरिंगला तेल पुरवी. संथ चालवले तर हे इंजिन वर्षानुवर्षे कुरकुरत नाही, पण वेगाने दामटले की रॉड वाजू लागतात. फोर्डचे १९३२ चे व्ही-८ याच्या अगदी उलट स्वभावाचे. त्याचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असल्याने हेड म्हणजे निव्वळ झाकण, आणि जळालेला वायू ब्लॉकमधल्याच वाटांनी बाहेर जात असल्याने पाणी भराभर तापते. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या मराठवाड्यात अशा इंजिनाचे काय होत असेल याची कल्पना कुठलाही फिटर करू शकतो.

पिकअप म्हणून ही अमेरिकी गाडी भारतात कधी मोठ्या संख्येने आली नाही. आली ती तिची भावंडे: तिच्याच घरातले ट्रक, तिच्याच इंजिनांचे चेसिस, जीप, आणि शेवटी ट्रॅक्टरच्या पोटात दडलेले इंजिन. म्हणून हिंगोलीच्या संदर्भात या विषयाचा आढावा घ्यायचा तर रंगवलेल्या हौद्याचा पाठलाग करून फारसे हाती लागत नाही. इंजिनाचा वंश शोधावा लागतो.

त्या वंशाचे पहिले बंदर मुंबई. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. पेट्यांतून आलेले भाग जोडून तिथे शेव्हरोलेच्या मोटारी आणि ट्रक उभे राहत. फोर्डनेही १९२६ पासून मुंबई, मद्रास आणि कलकत्त्यात बस्तान बसवले. ती कंपनी फोर्ड ऑफ कॅनडाची शाखा होती, कारण ब्रिटन वगळता साम्राज्यातल्या देशांना फोर्ड पुरवण्याचा हक्क कॅनडाकडे होता. त्यामुळे भारतात आलेल्या कितीतरी ‘अमेरिकी’ गाड्या खरे तर कॅनडाच्या, उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या होत्या. ट्रक बहुधा चेसिस आणि पुढच्या नाकासह मिळे. मागचा हौदा, कधी केबिनसुद्धा, इथल्या सुतार-लोहारांनी लाकडात बांधलेली असे. अमेरिकेतली पिकअप कारखान्याच्या साच्यातून एकसारखी निघत होती, तर इथल्या प्रत्येक गाडीवर बांधणाऱ्याचा हात वेगळा दिसे.

सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि क्रायस्लर कंपनीशी करार करून १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या मोटारी काढल्या. क्रायस्लरच्या रीतीप्रमाणे एकच ट्रक डॉज, डिसोटो आणि फार्गो या तीन बिल्ल्यांखाली विकला जाई. जुन्या चालकांमध्ये कोणता बरा यावर वाद रंगत, पण नाकावरचा पत्रा सोडला तर भांडण्यासारखे त्यात काही नव्हते. पुढे सरकारने ज्या कंपन्या भाग इथेच बनवायला तयार नाहीत त्यांना निव्वळ जुळणी करू न देण्याचे धोरण धरले. परिणामी १९५३-५४ च्या सुमारास फोर्ड आणि जनरल मोटर्स दोघींनी गाशा गुंडाळला. १९५४ मध्येच टेल्कोने डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. डिझेलवर चालणाऱ्या त्या गाडीपुढे पेट्रोल पिणारे अमेरिकी ट्रक खर्चात टिकणे अवघड होते. कित्येक डॉज-फार्गोंची पेट्रोल इंजिने उतरवून त्या जागी मद्रासच्या सिम्पसन कंपनीची पर्किन्स डिझेल इंजिने बसवली गेली.

हिंगोली तेव्हा या मुंबई बाजारपेठेच्या थेट आवाक्यात नव्हते. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होता. स्वतंत्र हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. संस्थानाने १९३२ मध्ये रेल्वे खात्याखाली २७ गाड्यांवर सरकारी बससेवा सुरू केली, आणि तिचा भर स्कॉटलंडच्या अल्बियन गाड्यांवर होता. मुंबई राज्याच्या बाजूला परिस्थिती अधिक रंगीबेरंगी होती. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली. त्या सुरुवातीच्या काळात एसटीच्या ताफ्यात शेव्हरोले, फोर्ड, स्टुडबेकर या अमेरिकी घराण्यांसह बेडफर्ड, सेडन, मॉरिस, कॉमर, लेलँड, अल्बियन आणि फियाट अशा दहा जातींच्या गाड्या होत्या. दहा जातींचे पिस्टन आणि दहा जातींची पॅकिंगे सांभाळणाऱ्या कोठारबाबूची कीव करावी तेवढी थोडी. मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आल्यावर इथल्या रस्त्यांवरही एसटी आली, पण तोवर ताफा डिझेलकडे वळू लागला होता.

युद्धानंतर ‘डिस्पोजल’ची वाटही मोकळी झाली. कॅनडात फोर्ड आणि शेव्हरोलेने मिळून चार लाखांहून अधिक लष्करी ट्रक बनवले होते, त्यांपैकी बरेच भारतात होते. युद्ध संपल्यावर ते आणि अमेरिकी सैन्याच्या जीपा लिलावात निघाल्या. लष्करी ट्रकचे चपटे नाक आणि जाडजूड चेसिस लाकूडतोड, खाणकाम आणि रस्तेबांधणीला सोयीचे पडले. देशातल्या मेस्त्रींच्या एका पिढीने मोठ्या इंजिनाची अक्षरओळख याच गाड्यांवर करून घेतली.

हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांत अमेरिकी यंत्र खऱ्या अर्थाने रुजले ते जीपच्या रूपाने. जे. सी. महिंद्र, के. सी. महिंद्र आणि गुलाम मोहम्मद यांनी १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी काढलेली कंपनी, फाळणीनंतर महिंद्र अँड महिंद्र झालेली, १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलिसच्या परवान्याने मुंबईत माझगावला जीप जोडू लागली. कयाधू आणि पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन पावसाळ्यात चाकाला अशी चिकटते की मागच्या दोन चाकांची गाडी जागीच फिरते. चारही चाकांना ताकद देणाऱ्या जीपला तिथे दुसरा पर्याय नव्हता. समूह विकास योजना आणि १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्यावर बीडीओची जीप ही ग्रामीण महाराष्ट्रातली सरकारची सर्वांत ओळखीची खूण ठरली. पुढे लिलावात निघालेल्या आणि नव्याने घेतलेल्या जीपांच्या मागे लांब बाके टाकून त्या प्रवासी वाहतुकीला लागल्या. काळ्या-पिवळ्या रंगातल्या त्यांच्या थोरल्या बहिणी नव्वदीच्या दशकात मराठवाड्याच्या प्रत्येक फाट्यावर उभ्या दिसत.

त्या जीपचे पेट्रोल इंजिन जुन्या यंत्रांच्या अभ्यासात स्वतंत्र नोंद करण्याजोगे आहे. युद्धकाळातल्या विलिस जीपमध्ये ६० अश्वशक्तीचे इंजिन होते आणि त्याचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये होते. त्याच ब्लॉकवर विलिसने नवे हेड बसवून आत जाणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह वर नेले. धुराचे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच राहिले. हरिकेन नावाच्या या इंजिनाची क्षमता तीच, २.२ लिटर, पण ताकद सत्तर अश्वशक्तीच्या वर गेली. वाढलेली उंची झाकायला बॉनेट उंच करावे लागले, आणि सीजे-३बी या मॉडेलचा तो उंच चौकोनी चेहरा तयार झाला. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ ते १९६८ पर्यंत बनले, महिंद्रने तो चेहरा त्यानंतर कितीतरी वर्षे चालू ठेवला. सिलिंडरचा व्यास ७९.४ मि.मी. आणि पिस्टनची धाव १११.१ मि.मी. अशी त्याची मापे आहेत. व्यासापेक्षा धाव इतकी मोठी असल्याने हे इंजिन कमी फेऱ्यांतच ओढ देते. गिअर न बदलता चिखलातून सावकाश निघण्याचे जीपचे कसब बरेचसे या एका प्रमाणातून आलेले आहे. महिंद्रने २०१८ मध्ये याच वळणाची रॉक्सर नावाची गाडी डिझेल इंजिन घालून मिशिगनमध्ये जोडून, रस्त्यावर न चालवण्याच्या अटीवर, विकायला काढली, तेव्हा जीपच्या चेहऱ्याच्या साम्यावरून जीपच्या मालक कंपनीने तिला अमेरिकी व्यापार आयोगापुढे खेचले आणि महिंद्रला तो चेहरा बदलावा लागला.

पेट्रोल जीपची सद्दी १९७३ च्या तेलसंकटाने संपवली. भाव भडकल्यावर डिझेल इंजिन शोधणे भाग होते, आणि ते महिंद्रच्या घरातच होते. इंटरनॅशनल हार्वेस्टर या शिकागोच्या कंपनीशी भागीदारीत १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी स्थापन झाली होती, आणि तिचा बी-२७५ हा ट्रॅक्टर राज्यभर गेला होता. मूळ कंपनी अमेरिकी, आराखडा तिच्या इंग्लंडमधल्या डॉनकास्टर कारखान्यातला. त्याचे सुमारे २३५० सीसीचे डिझेल इंजिन १९७० च्या दशकात जीपमध्ये बसले. ट्रॅक्टरचे इंजिन जीपमध्ये घातल्यावर ती घोड्यासारखी धावणार नव्हतीच, पण डिझेल कमी खाई आणि गावात ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस तिचेही काम करू शके. फ्रान्सच्या प्यूजोकडून परवाना घेऊन बनवलेले २.१ लिटरचे हलके डिझेल इंजिन नंतर त्याच्या जोडीला आले.

इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९७५ नंतर अमेरिकेत पिकअप बनवणे थांबवले. तिच्या ट्रॅक्टर इंजिनाची रेषा मात्र इथे पुढे चालू राहिली. बी-२७५ च्या इंजिनाची धाव चार इंच, म्हणजे १०१.६ मि.मी. होती. महिंद्रने सिलिंडरचा व्यास वाढवून साडेतीन इंच, म्हणजे ८८.९ मि.मी. केला, की गणिताने चार सिलिंडरचे २५२३ सीसी भरतात. हाच आकडा कमांडर जीपच्या, पुढे बोलेरोच्या आणि बोलेरो पिकअपच्या कागदांवर दिसतो. इंधन फवारण्याची पद्धत, टर्बो, हेड, सगळे बदलत गेले, पण मापे इंचातलीच राहिली. वसमतच्या बाजारात हळदीची पोती उतरवणारी पांढरी पिकअप दिसायला १९५० च्या शेव्हरोलेसारखी अजिबात नाही. तरीही अमेरिकी पिकअपचा हिंगोलीतला सर्वांत खरा वारस शोधायचा तर बोट तिच्याकडेच दाखवावे लागते. पिकअपचे रसिक हौद्याच्या बाजूवरून वंशावळ लावतात. इथे ती सिलिंडरच्या मापावरून लावणे अधिक बरोबर.

चाकांवर न बसलेली इंजिने हा या विषयाचा दुसरा मोठा भाग. विजेची तार येण्याआधी विहिरीवरची मोट हटवली ती ऑइल इंजिनाने. साताऱ्याला धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ पासून होता आणि १९३० च्या दशकात तिथे डिझेल इंजिन बनले. शंतनुराव किर्लोस्करांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. कोल्हापूरच्या भट्ट्यांनी आणि लेथखान्यांनीही इंजिनांचा मोठा धंदा उभा केला. राजकोटने लिस्टर या इंग्रजी इंजिनाच्या नकला इतक्या काढल्या की मूळ कंपनीने १९८७ मध्ये ते बनवणे बंद केल्यावरही राजकोटचा माल जगभर जात राहिला.

लिस्टरच्या संथ इंजिनाला दोन बाजूंना दोन जड चक्रे असतात. सहा अश्वशक्तीचे हे यंत्र मिनिटाला ६५० फेरे घेते, धाव १३९.७ मि.मी. म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला जेमतेम तीन मीटर. किर्लोस्करचे एव्ही-१ हे पाच अश्वशक्तीचे, ५५३ सीसीचे इंजिन १५०० फेऱ्यांवर चालते आणि त्याचा पिस्टन सेकंदाला साडेपाच मीटर पळतो. पहिले जागेवर घट्ट बसवायचे, पिठाच्या गिरणीचे. दुसरे बैलगाडीत टाकून या विहिरीवरून त्या विहिरीवर नेता येईल असे. गिरणीतल्या संथ इंजिनाचे पाणी पंपाशिवाय फिरते: तापलेले पाणी वर चढून शेजारच्या टाकीत जाते, गार पाणी खालून परत येते. सुरू करण्याची रीतही शिकूनच घ्यावी लागते. डिकॉम्प्रेशनची कळ उचलून दाब सोडायचा, हँडल मारून चक्रांना वेग द्यायचा आणि मग कळ टाकायची. हँडल धरताना अंगठा उलट बाजूने आवळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर आवळलेला अंगठा मोडतो.

विजेचे पंप आल्यावर ही इंजिने अडगळीत गेली, पण पुरती नाही. या शतकाच्या पहिल्या दशकातल्या भारनियमनाने कित्येकांवरची धूळ झटकली. हळद उकडून वाळल्यावर तिला चकाकी देणारा पॉलिशचा ड्रम फिरवायला जिथे तार पोहोचत नाही तिथे डिझेल इंजिन किंवा ट्रॅक्टर लागतोच, आणि वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून देणाऱ्या या जिल्ह्यात हळद हे काही लहान पीक नव्हे. गंमत अशी की याच जातीच्या राजकोटी इंजिनांवर अमेरिकेतल्या हौशी लोकांचा जीव जडला. उत्सर्जनाचे नियम कडक होईपर्यंत ती तिकडे आयात होत. पेटीतून काढल्यावर पहिले काम म्हणजे इंजिन पूर्ण खोलून ओतकामाची राहिलेली वाळू धुऊन काढणे. ती राहिली तर तेलाबरोबर फिरून बेअरिंग खाते.

इंजिन नव्याने बांधण्याचे काम पेट्रोल जीपचे असो, ट्रॅक्टरचे असो की गिरणीचे, सुरुवात मोजमापाने होते. निळा धूर, ब्रीदरमधून येणारी फुंकर, सकाळी हँडलला न लागणारा दाब या तक्रारी ऐकून ‘रिंग टाका’ म्हणणारा मेस्त्री स्वस्त पडतो आणि सहा महिन्यांत पुन्हा भेटतो. सिलिंडर झिजतो तो सर्वत्र सारखा नाही. वरची रिंग जिथे थांबून उलटते तिथे, आणि तेही क्रँकला आडव्या दिशेने, झीज सर्वाधिक असते. म्हणून व्यास वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी घ्यावा लागतो. लेथवरचे लोक आजही जुन्या इंजिनाचे माप थाऊत, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात बोलतात. हरिकेनचा ब्लॉक दहा, वीस, तीस, फार तर चाळीस थाऊपर्यंत वाढवून त्या मापाचे पिस्टन घालता येतात. त्यापुढे लायनर ठोकून पुन्हा मूळ मापावर यावे लागते. बोअर झाल्यावर होनिंगने भिंतीवर तिरप्या जाळीच्या रेघा काढतात, त्यांत तेल धरून राहते आणि रिंग बसते. रिंगच्या तोंडातली फट इंचामागे तीन-चार थाऊ ठेवण्याचा ठोकताळा आहे, म्हणजे जीपच्या सव्वातीन इंचांहून थोड्या कमी व्यासाला साधारण साडेनऊ ते साडेबारा थाऊ. फट कमी राहिली तर तापल्यावर रिंगची टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग मोडते.

क्रँकही तसाच घासून कमी मापावर आणतात आणि जाड शेल घालतात. बॅबिट ओतलेल्या शेव्हरोलेच्या रॉडला हा सोपा मार्ग नाही. धातू वितळवून ओतायचा, मग बोअर करायचा आणि निळा रंग लावून क्रँकवर फिरवत कुठे लागतो ते बघत खरवडायचा. हे काम येणारे हात आता शहरांतही शोधावे लागतात. हरिकेनमध्ये टॅपेटची फट वरच्या व्हॉल्व्हला १८ थाऊ आणि खालच्या व्हॉल्व्हला १६ थाऊ. वरची हेडवरून जुळते, खालची मात्र ब्लॉकच्या बाजूचे झाकण काढून, मॅनिफोल्डच्या आडोशात पाना घालून जुळवावी लागते, आणि नेमकी तीच आळसाने सोडली जाते. धुराच्या व्हॉल्व्हची फट संपली की तो बसकणीवर पुरता टेकत नाही आणि जळतो. संथ डिझेलमध्ये पिस्टन आणि हेड यांमधले अंतर मोजायला पिस्टनच्या माथ्यावर शिशाच्या तारेचा तुकडा ठेवतात, हेड आवळून चक्र हाताने एकदा फिरवतात आणि चेपलेली तार मोजतात. अंतर चुकले असेल तर सिलिंडरखालच्या शिमा बदलायच्या. पंप आणि नोझल हे मात्र स्वतंत्र दुकानाचे काम. चाचणीयंत्राशिवाय पंपाला हात लावणारा फिटर टाळलेला बरा.

जुन्या इंजिनाला नवे इंधन मानवते का, हा प्रश्न आता कळीचा झाला आहे. शिसेयुक्त पेट्रोल भारतात २००० साली बंद झाले. जुन्या ओतीव बसकणींना शिशाचे कवच मिळत असे, ते गेल्याने ओझे घेऊन चालणाऱ्या इंजिनात धुराच्या व्हॉल्व्हला कठीण धातूच्या सुट्या बसकणी बसवणे शहाणपणाचे ठरते. वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल जुन्या पंपातले रबरी पडदे आणि बुचाची पॅकिंगे खाते, शिवाय हवेतली ओल धरते. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आणि कार्बोरेटर म्हणूनच रिकामे ठेवणे उत्तम. इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे भाग आता मिळतात, ते आधी बदलावेत. डिझेलवाल्यांना त्या मानाने त्रास कमी.

राहिला प्रश्न मान्यतेचा. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या, वैयक्तिक वापराच्या दुचाकी-चारचाकींना ही नोंदणी मिळते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीला २० हजार आणि फेरनोंदणीला ५ हजार रुपये लागतात, प्रमाणपत्र दहा वर्षे चालते. रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी असे वाहन रस्त्यावर आणता येत नाही. अट एकच जाचक आहे: चेसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा.

ही व्याख्या कोल्हापूरच्या दसऱ्यात निघणाऱ्या छत्रपतींच्या मेबॅकसारख्या राजवाड्यातल्या मोटारींना चपखल बसते. मराठवाड्यातल्या जीपला आणि ट्रकला ती बसत नाही. इथे गाडी टिकली तीच मुळी बदलून बदलून. पेट्रोल इंजिन काढून डिझेल घातले, फार्गोच्या चेसिसवर पर्किन्स चढवले, हौदा तीनदा नवा बांधला. शिवाय मालवाहू म्हणून नोंदलेली गाडी वैयक्तिक वापराच्या अटीतच अडकते. मूळपण हाच एकमेव निकष धरला तर ज्या गाड्यांनी सर्वांत जास्त काम केले त्या वारशाच्या यादीबाहेर राहतात. बदललेल्या इंजिनाची नोंद कागदावर असेल आणि तो बदल स्वतःच चाळीस वर्षांपूर्वीचा असेल, तर त्याला गाडीच्या इतिहासाचा भाग मानायला हरकत नसावी. पण तूर्त नियम तसा नाही.

म्हणून जुनी जीप किंवा ट्रक घेणाऱ्याने बोलीआधी कागद पाहावेत. चेसिसवर ठोकलेला क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक आणि नोंदणीपुस्तकातले दोन्ही क्रमांक जुळले पाहिजेत, आणि इंजिन बदलले असेल तर आरटीओची तशी नोंद हवी. जिल्ह्याचा एमएच-३८ हा क्रम नवा असल्याने त्याआधीच्या गाड्यांचे मूळ कागद परभणीच्या दप्तरातले असण्याची शक्यता अधिक. लिलावातल्या गाडीबरोबर लिलावाची पावती नसेल तर ती गाडी सुट्या भागांच्या भावानेच घ्यावी.

ऑइल इंजिनाला हा सगळा व्याप नाही, कारण त्याची नोंदणीच होत नाही. त्याचे वय सांगणारी एकच वस्तू म्हणजे बाजूला रिव्हेट केलेली पितळी पट्टी, तिच्यावर निर्मात्याचे नाव, क्रमांक, अश्वशक्ती आणि मिनिटाचे फेरे कोरलेले असतात. भंगारात इंजिन किलोवर जाते आणि पट्टी पितळाच्या ढिगात वेगळी जाते. पट्टी गेल्यावर उरलेला ओतीव सांगाडा साताऱ्याचा, खडकीचा की राजकोटचा हे ठरवायला पुन्हा व्यास आणि धावच मोजावी लागते.